राजदूत 350चे दोन कार्बोरेटर : आधी काय तपासायचं आणि मग कुठला स्क्रू फिरवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 1985ची राजदूत 350, वडिलांच्या हातची, चार वर्षं शेडमध्ये उभी होती. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केले. किकला लगेच धरते, पण आयडलिंगला टिकत नाही. डावा सायलेन्सर उजव्यापेक्षा थंड राहतो. पाव ते अर्ध्या रेसवर अडखळते, त्याच्या पुढे मात्र व्यवस्थित पळते. मिस्त्री म्हणतात, कार्बोरेटर गेले, बाजारातला नवा जोड बसवा.

जोड बसवू नका, निदान एवढ्यात तरी नको. तुमच्या गाडीवर जर मूळचे 28 मिमीचे मिकुनी (जपानी कंपनीचे कार्बोरेटर) असतील, तर घासलेल्या मिकुनीतूनही बरंच काम निघतं. बाजारातल्या बिननावाच्या जोडातल्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष भोक यांचा मेळ असेलच असं नाही. त्यात तुम्ही सांगितलेली लक्षणं मला कार्बोरेटर 'गेल्याची' वाटतच नाहीत. दोन सिलिंडरांचं आपसात पटत नाहीये, असं ती सांगतात.

या गाडीकडे बघताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. 347 सीसीचं हे एक इंजिन नाही, एका क्रँकवर बसवलेली दोन इंजिनं आहेत. प्रत्येकाला स्वतःचा कार्बोरेटर, स्वतःचे पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा स्विच), स्वतःची कॉइल (ठिणगीची वीज देणारी), स्वतःचा कंडेन्सर आणि स्वतःचा सायलेन्सर. यामाहा आरडी 350 बीवरून एस्कॉर्ट्सने 1983मध्ये ही गाडी आपल्याकडे आणली, तेव्हापासून आपल्या मिस्त्रींना पडणारं कोडं हेच आहे. बुलेट, येझदी किंवा 175ची राजदूत एका कार्बोरेटरवर चालते, तिचं कानाने जमून जातं. इथे एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत नेतो आणि कान फसतो.

कान किती फसतो, ते मी स्वतः भोगलंय. वीसेक वर्षांपूर्वी मी माझी पहिली आरडी पुण्यात घरीच ट्यून केली. एअर स्क्रू (आयडलिंगची हवा मोजणारा) बाहेर काढत गेलो तसा आवाज मोकळा होत गेला, पिकअप चाबकासारखा, धूर जवळजवळ नाहीच. मित्र म्हणाला, अशी गाडी कधी पाहिली नव्हती. निडल म्हणजे मधल्या रेसचं पेट्रोल मोजणारी सुई, तिची क्लिपही मी एक खाच वर सरकवली. दुसऱ्या दिवशी डिसेंबरच्या पहाटे ताम्हिणी उतरून निघालो. निजामपूर सोडलं आणि माणगावच्या अलीकडच्या सपाट रस्त्यावर, अर्धी रेस धरून पाच-सात मिनिटं झाली असतील, डावा पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झाला. मागचं चाक 'किर्र' करून लॉक झालं. क्लच दाबायचं हाताला सुचलं म्हणून आज हे लिहितोय. पिस्टन काढला तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला अॅल्युमिनियम लोण्यासारखं फासलेलं होतं.

झालं काय, ते सोपं आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. खाली कोकणात हवा पाचेक टक्के दाट, वर पहाटेचा गारठा. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. टू-स्ट्रोक गाडी लीन व्हायला लागली, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडायला लागलं, की आधी ती फार गोड चालते आणि मग पकडते. त्यामुळे 'आता मस्त वाजतेय' हे या गाडीबाबत मी प्रमाणपत्र मानत नाही. घाट चढताना रिच होऊन, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन, गाडी भडभडली तर फक्त प्लग काळा होतो. घाट उतरून लीन झाली तर पिस्टन जातो.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी दोष नेमका कोणाचा ते ठरवा. दोन्ही प्लग आपसात बदला. मग कॉइलची जोडणी आपसात बदला, म्हणजे पॉइंटची वायर आणि प्लगची वायर दोन्ही. थंड सायलेन्सर डावीकडून उजवीकडे गेला, तर कार्बोरेटरला हात लावायचं कारणच नाही. प्लग किंवा कॉइल बघा. दोष डावीकडेच राहिला तर पॉइंट, कंडेन्सर, हवेची गळती आणि मग कार्बोरेटर, या क्रमाने जा. चार वर्षं उभ्या गाडीच्या पॉइंटवर पांढुरकी बुरशी चढलेली असते. बारीक पॉलिश पेपरने घासा, गॅप 0.3 ते 0.4 मिमी ठेवा आणि टायमिंग डायल गेजने लावा. आरडी 350ला पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या 2.0 मिमी आधी पॉइंट उघडायला हवेत, दोन्ही बाजूंना वेगवेगळं मोजून. डाव्याचं 2.0 आणि उजव्याचं 1.6 असेल, तर जगातला कुठलाही कार्बोरेटर ती गाडी एका सुरात वाजवू शकणार नाही.

हवेची गळती हा दुसरा लबाड दोष. कार्बोरेटर ज्या रबरात बसतो त्याला चाळीस वर्षांत भेगा पडतात, आणि त्या वाकवून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. इंजिन चालू असताना रबराच्या जोडावर साबणाचं पाणी फवारा. आवाज क्षणभर बदलला, तर तिथून हवा आत जातेय. दोन कार्बोरेटरांच्या मध्ये चोकची बारीक रबरी नळी असते, ती अनेकदा कडक होऊन फुटलेली असते. चार रुपयांची वस्तू चार दिवस छळते. मग क्रँकचे ऑइल सील. डावीकडचं, अल्टरनेटरच्या बाजूचं सील सुकलं तर त्या सिलिंडरला कोरडी हवा मिळते आणि तो लीन होतो. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं आणि उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. सील गेलेल्या गाडीवर जेट बदलत बसणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. उभ्या गाडीचे सील जातातच, तेव्हा ही शंका शेवटपर्यंत मनात ठेवा.

एवढं निस्तरलं की कार्बोरेटर. 'दोनदा साफ केले' म्हणालात. माझ्या अनुभवात दोनदा साफ केलेल्या दहा कार्बोरेटरांपैकी निम्म्यांत पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारा) तरीही बंद असतो. त्याचं कारण त्याचा आकार. आरडीच्या पायलट जेटवर 25 लिहिलेलं असतं, म्हणजे भोक पाव मिलिमीटरच्या आसपास. जुनं पेट्रोल सुकून त्यात वार्निशसारखं बसतं. उजेडाकडे धरून बघा: गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे, चंद्रकोर दिसली तर अजून घाण आहे. टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग तो 25 नावाचा 28 होऊन बसतो. विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एकच तार चालते. त्यानंतर जेट जिथे बसतो तिथल्या वाटेतून कार्ब क्लिनर मारा. घशात, म्हणजे कार्बोरेटरच्या हवेच्या वाटेत, स्लाइडच्या (रेसबरोबर वर उचलली जाणारी झडप) खाली, दोन अगदी बारीक भोकं असतात. दोन्हींतून स्वतंत्र धार बाहेर आली पाहिजे. तुमचा डावा सायलेन्सर आयडलिंगला थंड आणि पुढे गाडी ठीक, हे चित्र बंद पायलटशी बरोबर जुळतं. डोळ्याला चष्मा लावा, पण धार बघितल्याशिवाय झाकण लावू नका.

उघडलेच आहेत तर दोन्हींतले आकडे वहीत लिहून ठेवा: मेन जेट (वरच्या रेसचा), पायलट जेट, निडलची क्लिप वरून कितव्या खाचेत, स्लाइडच्या कापावरचा आकडा. डावे-उजवे सारखे असलेच पाहिजेत. हे सांगायचं कारण, एकदा माझ्याकडे आलेल्या गाडीत दोन्ही मेन जेटवर तोच आकडा होता, पण डाव्यात ड्रिलच्या बिटाची मागची दांडी सहज शिरली आणि उजव्यात शिरेना. आधीच्या कोणीतरी डावा जेट ड्रिलने मोठा केला होता. डावा रिच म्हणून मालक दोन्ही एअर स्क्रू बाहेर काढत होता, आणि बिचारा उजवा लीन चालत होता.

फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे, दोन्हींची सारखी. निडल व्हॉल्व्हचं (चेंबर भरला की पेट्रोल थांबवणारी सुई) टोक नखावर फिरवा. कंगोरा लागला तर बदला, नाहीतर रात्रभर पेट्रोल झिरपून क्रँककेसमध्ये जमतं. आणि कार्बोरेटर बसवताना सरळ उभा बसवा. रबरात तो जरा तिरका बसला तरी फ्लोट चेंबरमधली पातळी बदलते. एक सरळ, एक तिरका असे बसवलेले मी कितीतरी पाहिलेत.

आता मुख्य काम. पाव ते अर्ध्या रेसवर अडखळणं हे, माझ्या मते, तुमच्या दोन स्लाइड एकत्र उचलत नसल्याचं लक्षण आहे. साधा हिशोब करा. आयडलिंगच्या जरा वर एक स्लाइड 2 मिमी उघडी आणि दुसरी 3 मिमी, म्हणजे एकाला दीडपट हवा. दोन्ही 20च्या पुढे गेल्या की तोच 1 मिमी फरक कुणाला कळतही नाही. म्हणून खाली भांडण आणि वर दोस्ती.

इंजिन बंद. एअर फिल्टरकडची रबरं काढून दोन्ही कार्बोरेटरांची तोंडं मोकळी करा. दोन्ही केबलच्या अॅडजस्टरला ढील द्या, म्हणजे स्लाइड फक्त आयडल स्क्रूवर टेकतील. सारख्या मापाची दोन ड्रिल बिटं घ्या, अडीच-तीन मिमीची, आणि त्यांच्या गुळगुळीत दांड्या स्लाइडखाली सरकवा. आयडल स्क्रू असे फिरवा, की दोन्ही दांड्या सारख्याच घर्षणाने आत-बाहेर होतील. ही झाली सुरुवातीची जागा. मग दांड्या काढा, डाव्या हाताची दोन बोटं दोन तोंडांत घालून स्लाइडच्या कडेला लावा आणि उजव्या हाताने ग्रिप अगदी हळू फिरवा. दोन्ही बोटांना एकाच क्षणी हालचाल जाणवली पाहिजे. एक आधी हलली तर दुसरीच्या केबलची ढील काढा. डोळ्यापेक्षा बोटांना हे आधी कळतं.

शेवटची परीक्षा कानाची, इथे मात्र कान खरं बोलतो. ग्रिप पूर्ण फिरवून एकदम सोडा. स्लाइड खाली आपटतात त्याचा एकच 'टक्' आला पाहिजे. 'ट-टक्' आला तर अजून फरक आहे. मी शेजारचा पंखा बंद करून हे ऐकतो. घरातले हसतात, हसू द्या. नंतर हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून तेच पुन्हा ऐका, कारण केबल कुठे ताणली जात असेल तर ती तिथे कळते. पूर्ण रेसवर दोन्ही स्लाइड घशाबाहेर निघतात का तेही बघून घ्या.

याच ग्रिपची तिसरी केबल ऑइल पंपाला जाते. कार्बोरेटरच्या केबली हलवल्या म्हणजे पंपाच्या चाकावरची खूण पिनसमोर येते का, हे मॅन्युअलप्रमाणे पुन्हा बघणं आलंच. बऱ्याच गाड्यांत पंप काढून टाकून टाकीतच ऑइल मिसळतात. तुमचीही तशी असेल तर प्रमाण ठरवून घ्या आणि मग बदलू नका. 'जरा जास्त ऑइल बरं' म्हणून हात सैल सोडला, तर जेटमधून तेवढंच कमी पेट्रोल जातं, म्हणजे मिश्रण लीन होतं. ऑइल वाढवून गाडी लीन होते, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

आता एअर स्क्रू. फिल्टर आणि त्याची रबरं परत बसवा. उघड्या तोंडावर केलेलं ट्यूनिंग फुकट जातं. गाडी दहाएक किलोमीटर फिरवून गरम करा. दोन्ही एअर स्क्रू हलकेच आत टेकवा, आवळू नका, आणि दीड फेरी बाहेर काढा. या कार्बोरेटरात स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे आणि तो हवा मोजतो, म्हणून बाहेर म्हणजे लीन, आत म्हणजे रिच. ज्या कार्बोरेटरांत स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो तिथे हे नेमकं उलटं असतं, आणि अर्धे घोटाळे तिथेच होतात.

एकेक सिलिंडर एकट्याने चालवायचा. उजव्या प्लगची टोपी काढून तिच्यात एक जादा प्लग घाला आणि तो हेडच्या धातूला पक्का टेकवून ठेवा. टोपी मोकळी सोडू नका, कॉइल जळते, आणि हात लागला तर तुम्हीही उडाल. ठिणगी पेट्रोलच्या वासापासून लांब असू द्या. आता फक्त डाव्यावर इंजिन जेमतेम चालेल एवढा आयडल स्क्रू वर घ्या. एअर स्क्रू पाव-पाव फेरी फिरवा, दर वेळी दहा सेकंद थांबा. जिथे आवाज सगळ्यात चढा येतो ती जागा शोधा आणि तिथून पाव फेरी आत या. ही पाव फेरी म्हणजे माझं माणगाव. मग उजव्याचं तसंच. एका मिनिटापेक्षा जास्त वेळ एकट्यावर चालवू नका, बंद बाजूला पेट्रोल साठत राहतं. दोन्ही जोडल्यावर आयडल चढलेलं असेल. दोन्ही आयडल स्क्रू सारखेच, आठवा-आठवा हिस्सा फेरीने खाली आणा. सायलेन्सरच्या तोंडापाशी दोन्ही तळवे धरा, फुंकर सारखी लागली पाहिजे.

चांगली जागा एका फेरीच्या आत सापडली तर पायलट जेट लहान पडतोय, किंवा अजून अर्धवट बंद आहे. अडीच फेऱ्यांच्या बाहेर गेली तर जेट मोठा आहे. स्क्रू कितीही फिरवून काही फरकच पडत नसेल, तर स्लाइड जास्त उघडी आहे किंवा हवा दुसरीकडून शिरतेय.

पुढची जेटिंग रस्त्यावर. ग्रिपवर मास्किंग टेपची पट्टी लावा, पाव, अर्धी, पाऊण अशा रेघा मारा आणि स्विचच्या घरावर एक खूण. 'अर्धी रेस' म्हणून आपण जे धरतो ते बहुतेक वेळा पाव असतं, हे त्या दिवशी कळेल. आठव्या हिश्श्यापर्यंत पायलट, पावापर्यंत स्लाइडचा काप, पाव ते पाऊण निडल, पुढे मेन जेट. जिथे तक्रार आहे तेवढ्याच भागाला हात लावायचा. स्लाइड जुळवल्यावरही मध्ये भडभडत असेल तर निडल एक खाच खाली, म्हणजे क्लिप वर. पण चाळीस वर्षं जुन्या गाडीत निडल ज्यातून खालीवर होते तो जेट घासून लंबगोल झालेला असू शकतो. मग कुठल्याही खाचेत मधला भाग रिचच राहतो, आणि दोन्ही निडल-जेट बदलल्याशिवाय सुटका नसते.

रिच की लीन समजत नसेल तर चालत्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करा. चेंबर रिकामा होत जातो तसं मिश्रण आपोआप लीन होतं. त्या काही सेकंदांत अडखळणं जाऊन गाडी सुधारली, तर आधी रिच होती. लगेच आणखी अडखळली, तर आधीच लीन होती. हे रहदारीत आणि पूर्ण रेसवर करू नका.

मेन जेटसाठी बी8एचएसचे दोन नवे प्लग, मोकळा रस्ता, चौथा गिअर, थोडा वेळ पूर्ण रेस, मग एकाच वेळी क्लच दाबून किल स्विच. प्लग काढून त्याच्या चिनी मातीच्या नाकाच्या अगदी तळाशी बॅटरी मारून बघा, टोकाशी नाही. दुधाळ चहाचा रंग हवा. पांढरा असेल तर तिथूनच सावकाश घरी. दोन्ही प्लग शेजारी ठेवून बघा. मला रंगापेक्षा दोघांतला फरक जास्त सांगून जातो.

आणि पेट्रोल. वडील जे भरत होते ते आता पंपावर नाही. ई-20मध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल, आणि इथेनॉलला त्याच हवेत जास्त इंधन लागतं. हिशोबाने मिश्रण निव्वळ पेट्रोलच्या मानाने सात-आठ टक्के लीन पडतं. भोकाच्या व्यासात ते चारेक टक्के, म्हणजे मेन जेट एक पायरी वर: 140 असेल तर 145 लावून सुरुवात करा आणि प्लग बघत खाली या, वर नको. जुनी रबरं आणि ओ-रिंग त्यात फुगतात, त्या विटॉनच्या (इथेनॉलला टिकणारं रबर) घ्या. इथेनॉल पाणीही धरतं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून चेंबर रिकामे करा, नाहीतर गणपतीपर्यंत आत पांढरा चुना धरलेला असतो आणि पाव मिलिमीटरचं ते भोक पुन्हा बंद.

तुमच्या बाबतीत मी आधी प्लग-कॉइलची अदलाबदल करीन, मग पॉइंट, कंडेन्सर आणि हवेची गळती, मग डावा पायलट, मग स्लाइड. एका रविवारचं काम आहे. त्यानंतरही डावा थंडच राहिला तर दोन्ही प्लगचे फोटो, जेटवरचे आकडे आणि एअर स्क्रूच्या फेऱ्या कळवा, आणि दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून ठेवा.